पटावरील संख्या आणि वर्गातील मूल : शैक्षणिक संशोधनात प्रशासकीय माहिती व सांख्यिकीय पद्धतींचा उपयोग (कळमेश्वर तालुक्याच्या संदर्भात)

सारांश

शाळांमधून नियमितपणे गोळा होणारी प्रशासकीय माहिती आज शैक्षणिक संशोधकास पूर्वी कधी नव्हती इतक्या प्रमाणात उपलब्ध आहे. परंतु ही माहिती संशोधनासाठी नव्हे, तर पदे मंजूर करणे, अनुदान देणे, धान्य व पुस्तके पुरविणे यांसाठी निर्माण होते. आकड्याच्या निर्मितीमागील हा हेतू लक्षात न घेता केलेले सांख्यिकीय विश्लेषण कितीही काटेकोर असले, तरी चुकीच्या निष्कर्षाकडे नेते. शाळागळती हा एकच प्रश्न घेऊन या माहितीचे सामर्थ्य, तिच्या मर्यादा आणि त्या मर्यादांवर उपयोगी पडणाऱ्या सांख्यिकीय पद्धती यांचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

बीजसंज्ञा : प्रशासकीय माहिती, पटसंख्या, गळती, यू-डायस, सरल, पटपडताळणी, लहान संख्येचा प्रश्न.

१. प्रास्ताविक

नागपूर जिल्ह्यातील कळमेश्वर हा नागपूर शहरालगतचा तालुका आहे. एकीकडे औद्योगिक वसाहत, दुसरीकडे संत्रा व कापसाची शेती. एकीकडे कळमेश्वर आणि मोहपा ही नगरे, तर दुसरीकडे धापेवाडा, गोंडखैरी यांसारखी गावे व त्यांभोवतीच्या लहान वस्त्या, असे त्याचे संमिश्र स्वरूप आहे. अशा तालुक्यात मुलांची ये-जा स्वाभाविक असते. कारखान्यात काम करणारे कुटुंब काम संपताच दुसरीकडे जाते. शेतीत व वीटभट्टीवर राबणारे कुटुंब हंगामानुसार गाव बदलते. ऐपत असलेला पालक मुलाला नागपूरच्या शाळेत घालतो. या तिन्ही घटनांत गावातील शाळेच्या पटावरून एक नाव कमी होते. यांपैकी कोणते मूल शिक्षणातून बाहेर पडले आणि कोणते केवळ दुसऱ्या शाळेत गेले, हे त्या घटलेल्या संख्येवरून कळत नाही.

हा प्रश्न केवळ संशोधकाच्या जिज्ञासेचा नाही. पटावरील संख्येवर शाळेतील शिक्षकांची पदे ठरतात, पदांवर अध्यापन अवलंबून असते आणि काही वेळा शाळेचे अस्तित्वही त्याच संख्येवर अवलंबून राहते. म्हणून पटावरील संख्या आणि वर्गातील मूल यांच्यातील अंतर मोजणे हे शैक्षणिक संशोधनाचे मूलभूत कार्य ठरते.

२. प्रशासकीय माहितीचे स्वरूप

शाळेतील सर्वांत जुनी व महत्त्वाची नोंद म्हणजे जनरल रजिस्टर. विद्यार्थ्याचे नाव, जन्मतारीख, दाखल झाल्याचा दिनांक, पूर्वीची शाळा, शाळा सोडल्याचा दिनांक व कारण हे सर्व त्यात असते. त्यास दैनिक हजेरीपट, शाळा सोडल्याचा दाखला, निकालपत्रके आणि पोषण आहाराच्या नोंदी यांची जोड मिळते. मुख्याध्यापकांकडून केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी आणि जिल्हा परिषद अशा क्रमाने ही माहिती वर जाते.

राष्ट्रीय पातळीवर जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रमाच्या काळात, १९९० च्या दशकाच्या मध्यास, ‘डायस’ ही माहिती प्रणाली सुरू झाली. २०१२-१३ मध्ये प्राथमिक व माध्यमिक शाळांची माहिती एकत्र करून ‘यू-डायस’ अस्तित्वात आली आणि २०१८-१९ पासून ‘यू-डायस प्लस’ हे तिचे ऑनलाइन रूप प्रचारात आले. प्रत्येक शाळेस ११ अंकी संकेतांक असून त्यातील पहिले दोन अंक राज्याचे, पुढील अंक अनुक्रमे जिल्हा, गट, गाव व शाळा यांचे असतात. महाराष्ट्राचा राज्य संकेतांक २७ आहे. महाराष्ट्राने २०१५ पासून ‘सरल’ प्रणालीद्वारे विद्यार्थीनिहाय नोंदी संगणकावर घेण्यास प्रारंभ केला, तर यू-डायस प्लसमध्ये विद्यार्थीनिहाय माहिती २०२२-२३ पासून घेतली जाऊ लागली.

शाळानिहाय बेरजेकडून विद्यार्थीनिहाय नोंदीकडे झालेला हा बदल संशोधनाच्या दृष्टीने मोठा आहे. पूर्वी ‘इयत्ता चौथीत किती मुले’ एवढेच कळत असे. आता ‘तिसरीतील हे मूल चौथीत कोठे आहे’ असा प्रश्न विचारता येतो. मात्र हा बदल आकड्यांच्या तुलनेत एक खंडही निर्माण करतो. देशाची एकूण शालेय पटसंख्या २०२१-२२ मध्ये सुमारे २६.५ कोटी, तर २०२३-२४ मध्ये सुमारे २४.८ कोटी नोंदली गेली. दोन वर्षांत दीड कोटीहून अधिक मुले शाळेबाहेर पडली, असा निष्कर्ष यावरून काढणे अयोग्य होय. मधल्या काळात मोजणीची पद्धतच बदलली. दुबार नावे गळाली. या घटीतील किती भाग पद्धतीचा आणि किती वास्तवाचा, हे केवळ दोन बेरजा समोर ठेवून सांगता येत नाही.

३. गळतीची मोजणी : एक जुना प्रश्न

गळती व स्थगन या संज्ञा भारतीय शैक्षणिक चर्चेत रूढ झाल्या त्या १९२९ च्या हार्टोग समितीच्या अहवालामुळे. शिक्षणाचा टप्पा पूर्ण होण्यापूर्वी शाळा सोडणे म्हणजे गळती आणि एकाच इयत्तेत एकाहून अधिक वर्षे राहणे म्हणजे स्थगन. त्या काळी गळती मोजण्याची सोपी रीत अशी होती : एखाद्या वर्षीच्या पहिलीच्या पटाची तुलना तीन वर्षांनंतरच्या चौथीच्या पटाशी करावयाची आणि जी तूट दिसेल ती गळती मानावयाची.

या रीतीतील दोष एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एका गटात पहिलीच्या पटावर दरवर्षी १०० मुले असतात. त्यांपैकी ६० नव्याने दाखल झालेली व ४० त्याच इयत्तेत राहिलेली आहेत. चौथीच्या पटावर ५० मुले असून त्यांपैकी ५ जुनी आहेत. वरील रीतीने गळती ५० टक्के येते. प्रत्यक्षात दरवर्षी शाळेत येणाऱ्या ६० मुलांपैकी ४५ मुले चौथीपर्यंत पोहोचतात. म्हणजे गळती २५ टक्के आहे. उरलेला फरक गळतीचा नसून स्थगनाचा आहे. या दोन व्याधींवरील उपाय भिन्न आहेत. पहिलीसाठी मुलाला शाळेत टिकविणे, तर दुसरीसाठी वर्गातील अध्यापन सुधारणे आवश्यक असते.

पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने सातारा जिल्ह्यातील प्राथमिक शिक्षणाची पाहणी करून या प्रश्नाकडे लक्ष वेधले. धनंजयराव गाडगीळ आणि वि. म. दांडेकर यांचा तो अहवाल १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला. जिल्हा हा अभ्यासाचा घटक मानून शिक्षणाच्या प्रश्नाकडे सांख्यिकीय दृष्टीने पाहण्याची परंपरा महाराष्ट्रात त्यामुळे बरीच जुनी आहे.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातील कलम १६ नुसार प्राथमिक टप्प्यावर मुलास मागे ठेवण्यास मनाई झाली आणि स्थगनाचा हिशेब बराच काळ मागे पडला. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पाचवी व आठवीच्या परीक्षेबाबत राज्यांना मुभा मिळाल्याने तो पुन्हा पुढे आला आहे. मात्र आज स्थगनापेक्षा स्थलांतर व शाळाबदल यांमुळे होणारी चूक अधिक मोठी ठरू शकते. जिल्हा परिषदेच्या अनेक शाळा चौथीपर्यंत किंवा सातवीपर्यंतच आहेत. तेथील प्रत्येक मुलाला शाळा बदलावीच लागते. त्यामुळे गळतीचे गणित एका शाळेच्या पटावर न करता गट किंवा जिल्हा हा घटक घेऊन, एकाच वर्षी दाखल झालेल्या मुलांच्या समूहाचा वर्षानुवर्षे मागोवा घेऊन करणे युक्त ठरते.

४. आकडा आणि हितसंबंध

प्रशासकीय आकडा नोंदविणाऱ्यास त्या आकड्याचे फळ मिळत असेल, तर आकडा त्या दिशेने झुकण्याचा संभव असतो. महाराष्ट्रात याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे २०११ ची पटपडताळणी. नांदेड जिल्ह्यात तत्कालीन जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांच्या कारकिर्दीत झालेल्या तपासणीत पटावरील बनावट नावांचा प्रश्न उघड झाला. त्यानंतर ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत राज्यभर विशेष मोहीम घेण्यात आली. एकच मूल दोन शाळांत मोजले जाऊ नये म्हणून मुलांच्या बोटांना शाई लावण्यात आली. पटावरील सुमारे २० लाख विद्यार्थी त्या वेळी उपस्थित आढळले नाहीत आणि निम्म्याहून अधिक विद्यार्थी अनुपस्थित असलेल्या शाळांची संख्या १,४०४ निघाली.

या आकड्याचे वाचनही सावधपणे करावे लागते. २०११ चा दसरा ६ ऑक्टोबर रोजी होता. म्हणजे मोहीम दसऱ्याच्या अगदी तोंडावर झाली. सण, आजारपण, शेतीची कामे यांमुळे होणारी सामान्य अनुपस्थिती कोणत्याही दिवशी असतेच. म्हणून ‘अनुपस्थित’ या शब्दाचा अर्थ सरसकट ‘बनावट’ असा घेणे शास्त्रीय नव्हे. त्याच वेळी, एखाद्या शाळेत निम्म्याहून अधिक मुले तीन दिवस दिसत नाहीत याचे स्पष्टीकरण सणाने होत नाही. सामान्य अनुपस्थितीचा दर शेजारच्या शाळांवरून ठरवून त्याहून किती अधिक तूट आहे हे पाहणे, ही येथे योग्य सांख्यिकीय रीत होय.

शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत पहिली ते पाचवीसाठी ६० पर्यंत मुले असल्यास दोन, ६१ ते ९० साठी तीन आणि ९१ ते १२० साठी चार शिक्षक अशी तरतूद आहे. ६० आणि ६१ यांत फरक एका मुलाचा, पण परिणाम एका शिक्षकाचा. अशा उंबरठ्यांचा संशोधनात दुहेरी उपयोग होतो. पहिला असा की, उंबरठ्याच्या अलीकडील व पलीकडील शाळा इतर बाबतींत सारख्याच असतील, तर त्यांच्या तुलनेतून एका अधिक शिक्षकाचा परिणाम मोजता येतो. इस्राएलमध्ये जोशुआ अँग्रिस्ट व व्हिक्टर लॅव्ही यांनी १९९९ मध्ये वर्गातील कमाल ४० विद्यार्थ्यांच्या नियमाचा असाच उपयोग करून लहान वर्गांचा लाभ दाखविला. या नियमाचे मूळ बाराव्या शतकातील पंडित मायमोनिडीझ यांच्या वचनात सांगितले जाते.

दुसरा उपयोग लबाडी ओळखण्याचा. याच दोघांनी आणखी दोन सहकाऱ्यांसह २०१९ मध्ये २००२ ते २०११ या काळातील माहिती तपासली, तेव्हा उंबरठ्याच्या किंचित वर असलेल्या शाळा अपेक्षेपेक्षा अधिक असल्याचे दिसले. पटात फेरफार होत असल्याची ती खूण होती. मुलांच्या जन्मतारखांवरून पटाचा स्वतंत्र अंदाज घेऊन गणित पुन्हा केले असता लहान वर्गाचा लाभ दिसेनासा झाला. आपल्या पूर्वीच्या निष्कर्षाची अशी फेरतपासणी करणे हे संशोधकीय प्रामाणिकपणाचे उत्तम उदाहरण होय. उंबरठ्यापाशी अशी अस्वाभाविक गर्दी आहे काय, हे तपासण्याची कसोटी जस्टिन मॅकक्रेरी यांनी २००८ मध्ये मांडली. नागपूर जिल्ह्यातील शाळांच्या पटांचा आलेख काढून ही तपासणी कोणत्याही महाविद्यालयातील संशोधकास करता येईल. मात्र राज्याने १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने संचमान्यतेचे निकष सुधारले असल्याने, कोणत्या वर्षी कोणता उंबरठा लागू होता याची नोंद प्रथम करावी.

गुणांच्या नोंदीही यास अपवाद नाहीत. अभिजीत सिंह यांनी मध्य प्रदेशातील शासकीय चाचण्यांच्या गुणांची स्वतंत्र फेरचाचणीशी तुलना केली, तेव्हा अधिकृत नोंदी मुलांची प्रगती प्रत्यक्षाहून अधिक दाखवीत असल्याचे आढळले.

५. नोंदीच्या सवयी आणि नोंदीचा दिवस

प्रत्येक चूक हेतुपुरस्सर असते असे नाही. पूर्वी जन्माची नोंद नसलेल्या मुलाचे नाव दाखल करताना शिक्षक १ जून ही जन्मतारीख लिहीत. पुढे ३१ मे रोजी सेवानिवृत्त होणाऱ्यांची गर्दी का दिसते, याचे उत्तर त्या सवयीत आहे. जुन्या जनरल रजिस्टरवरून वयाचा अभ्यास करणाऱ्याने प्रथम जन्मतारखांची वारंवारता पाहावी. १ जूनचा उंच मनोरा दिसल्यास त्या नोंदींतील वय अंदाजी समजावे.

नोंदीचा दिवसही महत्त्वाचा आहे. यू-डायससाठी ३० सप्टेंबर हा संदर्भ दिनांक दीर्घकाळ रूढ आहे. विदर्भात कापसाच्या वेचणीचा भर आणि वीटभट्ट्यांचा हंगाम यानंतर येतो. म्हणजे ज्या दिवशी पट मोजला जातो त्या दिवशी हंगामी स्थलांतर बहुधा सुरूच झालेले नसते. जे मूल सप्टेंबरात पटावर आहे व जानेवारीत वर्गात नाही, ते वार्षिक आकड्यात दिसतच नाही. त्यासाठी महिनावार हजेरीपट हेच साधन उरते. स्थलांतरित मुलांना दिले जाणारे शिक्षण हमी पत्रक हीदेखील अभ्यासयोग्य नोंद आहे. किती पत्रके दिली गेली आणि त्यांपैकी किती दुसऱ्या शाळेत पोहोचली, यांतील अंतर हा गळतीचा अधिक विश्वसनीय अंदाज ठरू शकतो.

अलीकडे संचमान्यतेसाठी आधार पडताळणी झालेली नावे ग्राह्य धरली जात आहेत. बनावट नावे रोखण्यास याचा उपयोग होतो. परंतु वर्गात प्रत्यक्ष बसणारे, पण आधार नसलेले किंवा नावातील फरकामुळे पडताळणी न झालेले मूल हिशेबातून वगळले जाण्याचा धोका उद्भवतो. पूर्वीची चूक पट फुगविणारी होती, ही चूक पट आटविणारी आहे. तिचा भार बहुधा कागदपत्रे नसलेल्या, फिरत्या कुटुंबांवर पडतो.

६. लहान संख्येचा प्रश्न

ग्रामीण शाळांच्या अभ्यासात सर्वाधिक दुर्लक्षित बाब म्हणजे संख्येचा लहानपणा. आठ मुलांच्या वर्गातून एक मूल गेले की गळती १२.५ टक्के होते. ऐंशी मुलांच्या वर्गात तीच घटना १.२५ टक्के ठरते. योगायोगाने होणारा चढउतार पटाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. समजा, गळतीचा खरा संभव सर्वत्र १० टक्केच आहे आणि प्रत्येकी १० मुलांच्या १०० शाळा आहेत. संभाव्यतेच्या नियमानुसार त्यांपैकी सुमारे ३५ शाळांत एकही गळती दिसणार नाही, तर सुमारे ७ शाळांत गळती ३० टक्के किंवा अधिक दिसेल. पहिल्या शाळांचा सत्कार आणि दुसऱ्या शाळांना खुलासा मागणे, दोन्ही अनाठायी होईल. कारण त्या शाळांत मुळात काहीच फरक नाही.

२० पेक्षा कमी पट असलेल्या शाळांचे समूह शाळांत रूपांतर करण्याची चर्चा राज्यात २०२३ मध्ये झाली. अशा निर्णयात एका वर्षाच्या टक्केवारीस आधार मानणे धोक्याचे आहे. तीन ते पाच वर्षांची माहिती एकत्र करणे, शाळेऐवजी केंद्र हा घटक घेणे आणि प्रत्येक टक्केवारीसोबत तिची विश्वास मर्यादा देणे, हे त्यावरील साधे उपाय आहेत.

७. जे पटावर नाही त्याची मोजणी

शाळेची नोंद शाळेत आलेल्यांचीच असते. कधीच न आलेले मूल तीत सापडत नाही. यासाठी भारतातच विकसित झालेली एक पद्धत उपयोगी आहे. सी. चंद्रशेखरन आणि डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग यांनी कोलकात्याजवळील सिंगूर येथील जन्म-मृत्यूच्या नोंदींवरून १९४९ मध्ये ती मांडली. एकाच समूहाच्या दोन स्वतंत्र याद्या घ्यावयाच्या आणि त्यांतील समान नावांवरून एकूण संख्येचा अंदाज करावयाचा. समजा, शिक्षकांच्या सर्वेक्षणात ४० शाळाबाह्य मुले आढळली, अंगणवाडीच्या यादीत ३० आणि दोन्हींत समान २०. तर एकूण संख्येचा अंदाज ४० गुणिले ३० भागिले २०, म्हणजे ६० येतो. दोन्ही याद्यांत मिळून प्रत्यक्ष नावे ५० असल्याने १० मुले कोणाच्याच यादीत नाहीत, असे अनुमान निघते. अट एवढीच की याद्या परस्परांवरून उतरविलेल्या नसाव्यात. वस्तीपासून दूर असलेली भट्टी दोन्ही सर्वेक्षकांनी टाळली असेल, तर हा अंदाजही खऱ्या संख्येहून कमीच राहील.

८. गोपनीयता

विद्यार्थीनिहाय नोंदींचा अभ्यास करताना मुलाची ओळख जपणे हे संशोधकाचे कर्तव्य आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये संशोधन व सांख्यिकी यांसाठी सवलत आहे; पण त्या माहितीवरून विशिष्ट व्यक्तीविषयी निर्णय घेतला जाऊ नये व विहित मानके पाळली जावीत, अशी तिची अट आहे. नावे शाळेतच ठेवून संकेतांकावर काम करणे आणि पाचपेक्षा कमी मुलांचा गट कोष्टकात स्वतंत्रपणे न दाखविणे, ही किमान दक्षता घ्यावी. लहान गावात ‘सातवीतून गळालेली एक मुलगी’ एवढा उल्लेखही तिची ओळख पटविण्यास पुरेसा असतो.

९. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात :

(१) प्रशासकीय माहिती वापरण्यापूर्वी ती कोणी, कोणत्या दिवशी, कशासाठी नोंदविली आणि आकडा वाढल्यास वा घटल्यास कोणाचा लाभ होतो, हे लिहून काढणे हा विश्लेषणाचा पहिला टप्पा मानावा.

(२) गळतीचा अभ्यास शाळेच्या बेरजांवर न करता गट वा जिल्हा पातळीवर, मुलांच्या समूहाचा मागोवा घेऊन करावा.

(३) भिन्न हितसंबंधांतून निर्माण झालेल्या नोंदी, म्हणजे जनरल रजिस्टर, हजेरीपट व पोषण आहाराची नोंद, परस्परांशी ताडून पाहाव्यात.

(४) लहान शाळांची टक्केवारी विश्वास मर्यादेशिवाय प्रसिद्ध करू नये.

(५) निष्कर्षांची पडताळणी काही निवडक गावांत प्रत्यक्ष घरभेटींद्वारे करावी.

यांतील शेवटचे काम कळमेश्वरसारख्या तालुक्याच्या ठिकाणी असलेले महाविद्यालय सर्वांत चांगल्या रीतीने करू शकते. राजधानीतील संशोधकाकडे संपूर्ण देशाची कोष्टके असतात. परंतु पटावरून कमी झालेले नाव नागपूरच्या शाळेत गेले की भट्टीवर, हे त्या गावात जाऊन विचारणे स्थानिक प्राध्यापकास व विद्यार्थ्यास एका दिवसात शक्य असते. सांख्यिकी शंका कोठे घ्यावी हे दाखविते. त्या शंकेचे निरसन मात्र त्या मुलाच्या घरीच होते.